पाच रुपयांचा तास

कुकरची रिंग सैल झाली होती. शिट्टी व्हायच्या ऐवजी झाकणाच्या कडेने वाफ फसफसायची, डाळ कच्ची राहायची, आणि आमची ही रोज सकाळी त्या कुकरशी जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिंग ऑनलाइन मागवून पाहिली, ती मोठी आली. शेवटी २ एप्रिल २०२१ ला, शुक्रवारी, ऐन रंगपंचमीच्या दिवशी जुनी रिंग पिशवीत टाकली आणि भांडी बाजाराकडे निघालो.

तो आठवडा नाशिककर विसरायचे नाहीत. करोनाच्या साथीत गर्दी कमी व्हावी म्हणून मार्चअखेरीस पोलीस आणि महापालिकेने मिळून ठरवलं होतं की बाजारात शिरायचं तर माणशी पाच रुपयांची पावती घ्यायची आणि तासाभरात बाहेर पडायचं. त्याहून जास्त रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. मेन रोडचा परिसर, सिडकोतलं पवननगर, सातपूरचं अशोकनगर, इंदिरानगरचं कलानगर, अशा बाजारांना हा नियम लागू झाला. गावाने पावतीची यथेच्छ टिंगल केली. पुण्याच्या मेव्हण्याचा मुद्दाम फोन आला, "काय भाऊजी, मेन रोडला म्हणे आता तिकीट लागतं? आत वाघ ठेवलेत की काय?"

मीही हसलो होतो. पण होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाला आलो, पाच रुपये दिले, कागद हातात पडला, आणि पोटात काहीतरी हललं. लहानपणी सर्कशीच्या तंबूत शिरताना हलायचं तसं. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील मोजण्यात तीस वर्षं गेली. आलेल्या मालावर तारीख-वेळ टाकल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. त्या सवयीनेच खिशातलं निळं पेन काढून पावतीच्या मागे लिहिलं: ११:२०.

वस्तू मोजून घेतल्या होत्या. वेळ मोजून विकत घेण्याची ही पहिलीच खेप.

*

त्या तासाकडे येतोच, पण त्याआधीचं वर्ष सांगायला हवं.

पहिली टाळेबंदी आमच्याकडे गुढीपाडव्याला सुरू झाली. २५ मार्च २०२०. आदल्या रात्री आठला घोषणा झाली तेव्हा गुढीची गाठी आणायची राहिलीच होती. होळीच्या हारकड्यांतलं एक डब्याच्या तळाशी सापडलं, तेच आईने गुढीला घातलं. "देवाला काय कळतंय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कळत असलं तर यंदा समजून घेईल."

कारखाना बंद झाला. पहिल्या आठवड्यात मी घरातलं स्टोअर लावलं. मसाल्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, डाळी आधी आणलेली आधी संपेल अशा मांडल्या, जिऱ्याची आणि ओव्याची जागा बदलली. दुसऱ्या आठवड्यात हिने सगळं पूर्ववत केलं. "अहो, मला झाकणाच्या रंगावरनं कळतं. तुमच्या चिठ्ठ्या वाचायला चष्मा कुठून आणू फोडणी जळताना?" त्यानंतर मला स्वयंपाकघरातून हद्दपार करण्यात आलं आणि मी गच्चीवर गेलो. ते एक फार बरं झालं.

आम्ही पंचवटीत, हनुमानवाडीच्या बाजूला राहतो. इमारत चार मजल्यांची. वीस वर्षांत मी गच्चीवर गेलो असेन तो पाण्याची टाकी भरली का ते बघायला. त्या एप्रिलमध्ये समोर चांभार लेण्याचा डोंगर असा उभा होता की त्याच्या अंगावरची पायवाट मोजावी, आणि पलीकडे रामशेज. एरवी रामशेज इतका स्वच्छ दिसतो तो पावसाने धुऊन काढल्यावर. नाशिकची संध्याकाळची झुळूक मात्र जुनीच होती. उन्हाळ्यात दुपारी कितीही तापलं तरी सहा-साडेसहाला ती येते. आम्हीच तेव्हा कंपनीच्या बसमध्ये असायचो.

मार्च म्हणजे आमच्या जिल्ह्यात द्राक्षांचा ऐन हंगाम. त्या वर्षी माल वेलीवर आणि बाजार बंद. शेतकरी पिकअप घेऊन सोसायट्यांच्या दारात उभे राहू लागले. आमच्याकडे दिंडोरीकडचा एक तरुण यायचा. रुमालाने तोंड बांधलेलं, आवाज बसलेला. "काका, शंभरला पाच किलो. तोडायची मजुरी निघाली तरी बास." घासाघीस करायला जीभ धजली नाही, पण जास्तीचे पैसेही मी दिले नाहीत. हेही नोंदवून ठेवतो. दहा किलो द्राक्षं घेऊन वर आलो. खाऊन खाऊन किती खाणार? त्यानेच सांगितलं होतं, "बेदाणे करा घरी. आम्हाला शेड लागतं, डिपिंग ऑइल लागतं, तुम्हाला काही नाही लागत."

दहातली आठ किलो बेदाण्यासाठी बाजूला काढली. घड सोडवून एकेक मणी धुतला. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू लागलं की थोडे थोडे मणी सोडायचे. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग हिरवा रंग जरासा मावळतो, मणी वर येतात, आणि नीट बघितलं तर सालीवर केसाएवढी रेघ उमटते. ती रेघ दिसली की लगेच झाऱ्याने काढायचे. रेघेची भेग झाली तर आतला रस जातो आणि हाती चोथा राहतो. पहिला घाणा मी घालवला, दुसऱ्यापासून नजर बसली. गच्चीवर आईचं जुनं सुती नऊवारी पसरून त्यावर मणी मांडले. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया, पलीकडे तिसऱ्या मजल्याचे बटाट्याचे पापड. कित्येक वर्षांनी आमच्या गच्चीला पुन्हा वाळवणाचा वास आला. राखणीला आई. हातात फाटक्या छत्रीची काडी घेऊन बुलबुलांना हाकलायची आणि मधूनच एखादा मणी स्वतः तोंडात टाकायची. बुलबुलांनी कमी खाल्ले, असा माझा हिशेब आहे.

पहिल्या दिवशी मणी नुसते मलूल झाले. दुसऱ्या दिवशी सुरकुतले. तिसऱ्या दिवशी हाताला चिकटू लागले आणि त्यांना एक खोल, गुळासारखा वास आला. पाचव्या दिवशी वजन केलं: दोन किलोला जरा कमी. दुकानातल्या बेदाण्यांचा हिरवट-सोनेरी रंग आला नाही, त्याला गंधकाची धुरी द्यावी लागते. आमचे तपकिरी, थोडे ओबडधोबड. त्यांच्याइतका गोड पदार्थ मी आयुष्यात खाल्ला नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना फोन करून सांगितलं.

खाली घरात रामायण चालू असायचं. २८ मार्चपासून दूरदर्शनने ते पुन्हा लावलं होतं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आई दोन्ही वेळा पदर नीट करून बसायची. राम, सीता, लक्ष्मण पंचवटीत आले त्या दिवशी तिची फार पंचाईत झाली. तिकडे पडद्यावर पर्णकुटी बांधणं चाललं होतं. इकडे आमच्या घरापासून पायी वाटेवर काळारामाचं मंदिर, त्याला कुलूप. रामनवमीला दर्शन नाही, एकादशीला रथ निघाला नाही. "आपला काळा राम कोंडून ठेवलाय," आई म्हणाली, "आणि हा गोरा बघ कसा पंचवटीत हिंडतोय मोकळा." हसत म्हणाली, पण टीव्ही बंद झाल्यावर बराच वेळ खिडकीत उभी होती. मंदिरं उघडली ती थेट दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. तोवर तिने घरातूनच त्या दिशेला हात जोडले.

*

हे सगळं सुखाचं लिहितो आहे आणि हात अडखळतो आहे. कारण त्याच दिवसांत आमच्या घरापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत होती. कसारा घाट चढून आलेली, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशाकडे निघालेली. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची गाडी सुटली, पण रस्त्यावरची रांग काही थांबली नव्हती. गावातली पुष्कळ माणसं तिथे पाणी, पोळी-भाजी, खिचडी घेऊन उभी राहायची. आमच्या इमारतीतली पोरं गेली तेव्हा मीही गेलो, आणि बेदाण्यांच्या छोट्या छोट्या पुड्या करून नेल्या. वजनाला हलके, टिकणारे, अंगात ताकद देणारे. स्टोअरवाल्या माणसाचा विचार.

एक जण थांबला. माझ्याच वयाचा असेल. पुडी घेतली, उघडून पाहिली, पुन्हा नीट बांधली आणि विचारलं, "चप्पल है क्या, साहब? नौ नंबर?"

त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्याला कापड गुंडाळलेलं. माझा नंबर सात. आमच्यातल्या एका पोराच्या पायात नऊ नंबरची होती, त्याने ती तिथेच काढून दिली आणि घरी मोटरसायकलवर मागे अनवाणी बसून आला. उरलेल्या पुड्या मी परत आणल्या. त्या रात्री बेदाणे पहिल्यासारखे गोड लागले नाहीत, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण लागले. तसेच गोड लागले. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

आमच्या गावाला संकट मोजायची एक रीत आहे. गंगेला पूर आला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघायचं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्यावरून कुणी दुकान आवरायचं, कुणी गाडी हलवायची, कुणी नुसतं पूर बघायला जायचं, हे ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरातही सगळं शहर त्याच्याकडेच बघत होतं. या साथीला मारुती नव्हता. पाणी कुठवर चढलंय तेच दिसत नव्हतं. म्हणून जो तो आपापलं माप शोधत होता. कुणी टीव्हीवरचे आकडे वहीत उतरवायचं, कुणी दर दोन तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायचं. पाच रुपयांचा तास हेही तसलंच एक माप असावं. गर्दीवर त्याचा किती परिणाम झाला ते जाणकार सांगोत. माझ्यावर झाला.

*

तर, ११:२०.

मेन रोडच्या ओळखीच्या गर्दीपेक्षा माणसं कमी होती, आणि सगळ्यांची चाल बदललेली. कुणी दुकानांच्या पाट्या बघत नव्हतं, थेट दुकानात शिरत होतं. दोन बायका समोरासमोर आल्या, मास्कवरून एकमेकींना ओळखलं, आणि "नंतर फोन करते गं" म्हणत दोन दिशांना गेल्या. मेन रोडवर दोन मैत्रिणी भेटून अर्धा तास उभ्या राहिल्या नाहीत, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

भांडी बाजारातल्या दुकानदाराने ताटली पुढे केली. नोटा त्यात टाकायच्या. जुनी रिंग दोन बोटांत ताणून पाहिली. "किती लिटर?"

"साडेपाच."

"झाकण आतलं की बाहेरचं?"

"बाहेरचं."

त्याच्या मागे भिंतभर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला रिंगांचे झुबके. न बघता हात वर गेला, एक रिंग निघाली, जुनीवर ठेवली, कडेला कड लागली. माझ्यातल्या स्टोअरकीपरने मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. "पहिल्यांदा लावताना पाण्यात भिजवून लावा," तो म्हणाला. संपलं. घड्याळात ११:३४.

कामाला आलो होतो ते काम चौदा मिनिटांत आटोपलं होतं. सरळ घरी जायचं. पण खिशात पावती होती आणि तिच्यावर सेहेचाळीस मिनिटं शिल्लक होती. रोख पैसे देऊन घेतलेली. मला ती टाकवेनात.

मग मी हिंडलो. कुठे काही घ्यायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. एका दुकानाच्या मागच्या बाजूला तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चाललं होतं. ठक, ठक, आणि दर चौथ्या-पाचव्या ठोक्याला हंडा जरासा फिरवून घ्यायचा. प्रत्येक ठोक्यानंतर पत्र्यावर एक छोटा, डोळ्याएवढा चकचकीत खळगा. अशा शेकडो खळग्यांनी हंड्याचा अर्धा भाग भरला होता, अर्धा अजून मंद होता. कारागीर वर बघत नव्हता. पंचावन्न वर्षं या गावात काढली, घरात मठारलेला बंब होता, लग्नात आलेले तांबे होते. पण मठार पडताना मी उभा राहून पाहिलेला नव्हता. सात मिनिटं तिथे गेली. पुढे उदबत्त्यांच्या दुकानाचा वास मास्कमधून आत आला आणि मी अक्षरशः थांबलो. मास्कमधून वास येतोय म्हणजे आपलं नाक ठीक आहे, हा त्या वर्षीचा आणखी एक आनंद. पुढच्या पिढीला तो समजावून सांगावा लागेल.

पाय तिवंधा चौकातल्या रहाडीकडे वळले.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो: नाशिकची रंगपंचमी रहाडीत होते. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधलेला दगडी हौद, पेशवाईच्या काळातला म्हणतात. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडायचा, पूजा करायची, फुलांपासून कढवलेला रंग भरायचा, आणि मग वरून धप्पा. धप्पा म्हणजे हौदात अशी उडी मारायची की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तो अंगाला लागला की दोन-तीन दिवस निघत नाही. शाळेत बाकावर कुणी कुठल्या रहाडीत उडी मारली ते कानामागच्या रंगावरून कळायचं.

आज रंगपंचमी, आणि तिवंधा चौक कोरडा. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रहाडीच्या वर उभा होतो आणि माझ्यावर थेंब उडणार नव्हता. एक मोटरसायकल तिच्यावरून गेली, मग गॅसच्या सिलिंडरची गाडी. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मास्क हनुवटीवर.

"काय शोधता, भाऊ?"

"काही नाही. रहाड बघत होतो."

"आहे ना," ते म्हणाले. "खालीच आहे. जातीये कुठं?"

मग माझ्या हातातल्या पावतीकडे बघून म्हणाले, "निघा आता. तास भरंल तुमचा."

बाहेर पडलो तेव्हा १२:१७ झाले होते. तीन मिनिटं शिल्लक राहिली.

*

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. सोमवारी, ५ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर नवे निर्बंध लागले, दुकानं बंद झाली, पाच रुपयांच्या पावतीचं कामच उरलं नाही. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि त्या दिवशी बावीस रुग्ण दगावले. दुपारभर गावातून रुग्णवाहिकांचे आवाज येत होते. आमच्या घरी त्या दिवशी कुकर लावला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या, कुरडयांच्या काकू मे महिन्यात गेल्या. त्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण पडलं नाही.

रहाडी पुन्हा उघडल्या २०२२ च्या रंगपंचमीला. आमचा मुलगा गेला होता, कानामागे रंग घेऊन परत आला. ती रिंग तीन वर्षं टिकली.

एक सांगायचं राहिलं. २०२१ च्या मार्चच्या सुरुवातीला मी टिळक पथावरून, सार्वजनिक वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, हिमालयातल्या पायी प्रवासाचं. आमच्याकडे त्या वाचनालयाला सावाना म्हणतात, १८४० सालापासूनचं आहे. तेव्हा तिथे सगळीकडे साहित्य संमेलनाची चर्चा होती. मार्चअखेरीस नाशिकला व्हायचं होतं, पुढे ढकललं गेलं आणि डिसेंबरात आडगावला झालं. त्या रंगपंचमीच्या दुपारी जेवण झाल्यावर मी पावती खूण म्हणून त्या पुस्तकात घातली. मग वाचनालय बंद, मग काकू, मग कारखान्याच्या पाळ्या. पुस्तक काही पूर्ण झालं नाही. बऱ्याच महिन्यांनी परत केलं तेव्हा पावती आतच राहिली. ते लक्षात आलं घरी आल्यावर.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती ते पुस्तक आलं आणि पानांतून पाच रुपयांची एक घडी पडलेली पावती निघाली, मागे निळ्या पेनाने ११:२० लिहिलेली, तर ती माझी आहे. मला परत नको. निघाली त्याच पानात राहू द्या.